जुनी सबमरीनर घेताना: आधी पत्रिका, मग पाणी

भाच्याने एका संध्याकाळी एकदम बारा फोटो पाठवले. स्टीलची रोलेक्स सबमरीनर, काळी डायल, काळं बेझल (काचेभोवतीचं कडं), तारखेवर भिंग. विकणारा मुंबईतला, ओळखीच्या ओळखीतला. त्याने खाली लिहिलं होतं, ‘एकदम नव्यासारखं, मशीन टकाटक.’ भाच्याचा प्रश्न एका ओळीचा होता: “मामा, ओरिजिनल आहे ना?”

जुन्या घड्याळांच्या बाबतीत मला सगळ्यात जास्त वेळा हाच प्रश्न विचारला जातो. तो चुकीचा नाही, पण अपुरा आहे. घड्याळ ओरिजिनल असूनही त्याची डायल दुसऱ्याच घड्याळातली असू शकते. केस, म्हणजे घड्याळाची धातूची बॉडी, घासून घासून इतकी पातळ झालेली असू शकते की मूळ आकार ओळखू येत नाही. आणि डायलवर ३०० मीटर छापलेलं घड्याळ बेसिनवर हात धुताना पाणी ओढू शकतं. लाखांत पैसे मोजायचे तर या सगळ्याची उत्तरं हातात हवीत. भाच्याला जे समजावलं तेच इथे मांडतो. उदाहरणही त्याने पाठवलेल्याच मॉडेलचं घेतो, कारण शिकायला त्याहून चांगलं मॉडेल मला माहीत नाही.

सबमरीनर जन्मली १९५३ साली. त्याच वर्षी ब्लांपेनची फिफ्टी फॅदम्सही आली आणि पाणबुड्यांच्या, म्हणजे खोल पाण्यात बुडी मारणाऱ्या माणसांच्या, घड्याळाचं आजचं रूप साधारण तेव्हाच ठरलं: काळी डायल, अंधारात चमकणाऱ्या जाड खुणा, फिरणारं बेझल. भाच्याच्या फोटोतलं मॉडेल म्हणजे १६६१०. ते १९८०च्या दशकाच्या शेवटी आलं आणि २०१०पर्यंत बनत राहिलं. ४० मिलिमीटरची केस, सफायरची काच, आत ३१३५ नावाचं स्वयंचलित मशीन, पाण्याची क्षमता ३०० मीटर. वीस वर्षं वरून एकच दिसणारं हे घड्याळ आतून आणि बारीकसारीक जागी बदलत गेलं. म्हणूनच ते तपासता येतं. प्रत्येक भाग आपलं जन्मसाल सांगतो आणि आपण ती सालं एकमेकांशी जुळतात का ते बघायचं. अगदी पत्रिका जुळवतात तसं.

पत्रिका

सुरुवात सिरियल नंबरापासून. पट्टा सोडवला की केसच्या दोन पायांच्या मध्ये, ज्यांना लग म्हणतात त्यांच्या बेचक्यात, नंबर कोरलेले दिसतात. सहाच्या बाजूला सिरियल, बाराच्या बाजूला मॉडेल. १९८७मध्ये रोलेक्सने सिरियलच्या आधी एक इंग्रजी अक्षर घालायला सुरुवात केली. पहिलं आर, मग एल, ई, एक्स. कंपनीचंच नाव, फक्त ओ वगळून. पुढची अक्षरं मात्र कुठल्याच क्रमाने येत नाहीत. के म्हणजे साधारण २००१, वाय म्हणजे २००२, एम म्हणजे २००७च्या आसपास. २०१०पासून सिरियल अस्ताव्यस्त झाले आणि त्यावरून साल काढायची सोय संपली. ही अक्षरांची यादी संग्राहकांनी जुन्या बिलांवरून जुळवलेली आहे, त्यामुळे एखाद्या वर्षाचा फरक सोडून द्यायचा.

आता डायलच्या अगदी खालच्या कडेला, सहाच्या खुणेखाली, भिंग लावून बघा. तिथे ‘स्विस’ आणि त्याच्या शेजारी ‘टी’, मग ‘पेक्षा कमी’चं चिन्ह आणि २५ असं छापलेलं असेल, तर डायलवरच्या चमकत्या खुणांमध्ये ट्रिटियम आहे आणि ते २५ मिलिक्युरीपेक्षा कमी आहे. ट्रिटियम सौम्य किरणोत्सारी असतं. त्याचं अर्धायुष्य १२.३ वर्षं, म्हणजे दर बारा-साडेबारा वर्षांनी ते निम्मं होतं. १९९०च्या घड्याळात आज त्याचा आठवा हिस्सा उरलाय. ती डायल आता अंधारात चमकत नाही, खुणा हळूहळू सायीच्या रंगावर जातात. १९९८च्या सुमारास रोलेक्सने ट्रिटियम सोडून उजेड शोषून चमकणारा लुमिनोव्हा घेतला, तेव्हा थोडा काळ डायलवर नुसतं ‘स्विस’ होतं. २०००च्या सुमारास सुपर-लुमिनोव्हा आला आणि ‘स्विस मेड’ छापलं जाऊ लागलं.

एवढ्या माहितीवर बऱ्याच गोष्टी उघड्या पडतात. सिरियल १९९३चा आणि डायलवर ‘स्विस मेड’, तर डायल नंतर कधीतरी बदललेली आहे. ती कंपनीने सर्व्हिसमध्ये बदललेली असू शकते, त्यात फसवणूक नाही. पण मूळ डायल गेली आणि संग्राहकाच्या लेखी किंमतही उतरली. उलट, डायलवर ट्रिटियमची खूण आहे आणि टॉर्च मारल्यावर ती तासभर हिरवी जळतेय, तर खुणांवर कुणीतरी नवा मसाला भरलाय. काटे आणि डायल यांचा रंगही जुळायला हवा. पिवळसर डायलवर पांढरेशुभ्र काटे दिसले की समजायचं, दोघांचं वय वेगळं आहे.

आणखी काही खुणा आहेत. २०००च्या सुमारास पट्ट्याचा केसला भिडणारा शेवटचा तुकडा पोकळ पत्र्याऐवजी भरीव झाला. २००३च्या सुमारास लगांना बाहेरून आरपार असलेली भोकं गेली. त्याच्या थोडं आधी काचेवर, सहाच्या वर, लेसरने कोरलेला अगदी बारीक मुकुट येऊ लागला. तो नुसत्या डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही, काच तिरकी धरून भिंगातून शोधावा लागतो. डायल आणि काच यांच्या मधल्या उभ्या रिंगेवर कंपनीचं नाव गोल कोरलेलं असेल, तर घड्याळ २००७-०८च्या आसपासचं किंवा नंतरचं.

भाच्याने पाठवलेल्या घड्याळाचा सिरियल के होता. लगांना भोकं, डायलवर ‘स्विस मेड’, पट्ट्याचं टोक भरीव, रिंग कोरी. सगळं २००१शी जुळत होतं. फक्त बेझलवरची काळी ॲल्युमिनियमची चकती अगदी नवी दिसत होती. ती झिजणारी, उन्हाने फिकी होणारी वस्तू आहे. बदललेली असली तरी मला त्यात काही वाईट वाटत नाही.

फर्स्ट कॉपी कशी ओळखायची

यावर मी थोडक्यातच लिहितो, कारण घरी बसून ओळखायच्या बहुतेक युक्त्या आता कामाच्या राहिलेल्या नाहीत. ‘सेकंदकाटा टकटक न करता सरकत चालतो म्हणजे ओरिजिनल’ हे आपल्याकडे अजून सांगितलं जातं. तो नियम क्वार्ट्झ, म्हणजे बॅटरीवर चालणारं मशीन, बसवलेल्या स्वस्त नकलांच्या काळातला. आजच्या चांगल्या फर्स्ट कॉपीत स्वयंचलित मशीन असतं आणि तेही सेकंदाला आठ ठोके देतं, काटा तसाच सरकतो. वजन, भिंगाखालची तारीख, किल्लीवरचे (चावी द्यायच्या बाजूच्या बोंडावरचे) तीन ठिपके, सगळ्याची नक्कल होते. ३१३५ मशीनचीसुद्धा होते, त्यातल्या लाल रंगाच्या चाकांसकट.

एक गोष्ट मात्र लगेच निकाल देते. या मॉडेलचं मागचं झाकण स्टीलचं आणि बंद असतं. मागून काचेतून मशीन दिसत असेल तर पुढे बोलायची गरज नाही.

बाकीच्यासाठी झाकण उघडलंच पाहिजे. ते खाचेदार असतं आणि त्याला जुळणारा खास पाना लागतो, पक्कड लावून उघडणाऱ्याच्या हाती घड्याळ देऊ नका. रोलेक्सची मशीन रोज हाताळणारा कारागीर स्क्रूच्या डोक्यांची सफाई, पुलांच्या (चाकं जागी धरणाऱ्या पट्ट्यांच्या) कडांची घासणी, अक्षरांची खोली बघून मिनिटभरात सांगतो. आपल्याला ते वाचून येत नाही, त्याने शेकडो बघितलेली असतात. विकणारा ‘उघडायचं नाही’ म्हणाला, तर माझ्यापुरता व्यवहार तिथेच थांबतो. त्याची कारणं खरी असतील, पण ती कारणं माझे पैसे सांभाळत नाहीत.

चकाकी

मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते या विषयावर.

जगभरच्या संग्राहकांमध्ये ‘मुंबई स्पेशल’ असा एक शब्दप्रयोग आहे, आणि तो आपल्यासाठी कौतुकाचा नाही. जुनी एचएमटी, जुनी फेवर ल्युबा अशी घड्याळं घ्यायची, डायल भडक रंगात पुन्हा छापायची, केसला बफ मारायचा आणि नवीकोरी दिसणारी वस्तू परदेशात विकायची, या धंद्याला त्यांनी दिलेलं ते नाव आहे. मला ते ऐकून वाईट वाटतं, कारण हे काम करणाऱ्यांच्या हातात कसब आहे. आणि यामागे फसवण्याचाच हेतू असतो असंही नाही. आपल्याकडे ‘नव्यासारखं करून देतो’ हा चांगुलपणाचा शब्द आहे. भांड्याला कल्हई लावून आणली की भांडं परत कामाचं होतं. पण कल्हई धातूवर थर चढवते आणि बफ धातूचा थर उतरवतो. उतरलेलं स्टील परत येत नाही.

सबमरीनरची केस नीट बघा. लगांचा वरचा भाग बारीक रेघांचा, मॅट असतो. बाजू आरशासारख्या. दोन्हींच्या मध्ये एक स्पष्ट, सरळ कड असते, नखाला जाणवेल अशी. घड्याळ दोन-तीन वेळा बेफिकिरीने पॉलिश झालं की ही कड गोल होते. मग वितळलेल्या साबणासारखा मऊ आकार येतो. चार लग समोरून एकसारख्या जाडीचे दिसत नाहीत, कारण बफच्या चाकावर हात एका बाजूला जास्त दाबला गेलेला असतो. लगांची भोकं कडेच्या जवळ सरकल्यासारखी वाटतात, त्यांचं तोंड फाकतं. किल्लीच्या दोन्ही बाजूंना संरक्षणासाठी जे दोन कोंब असतात ते टोकदार आणि बारीक होतात.

म्हणून विकणाऱ्याकडून फोटो मागताना ‘चांगले फोटो पाठवा’ म्हणू नका. खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात, बाजूने, लगांच्या पातळीवर मोबाईल धरून काढलेले फोटो मागा. पट्टा काढून लगांच्या मधले मागा. ओरखडे असलेलं, कडा शाबूत असलेलं घड्याळ मी चकचकीत घड्याळापेक्षा नेहमी वर धरतो. ओरखडा पुढे कधीही काढता येतो.

पट्ट्याची झीज ओळखायला घड्याळ आडवं धरायचं, डायल भिंतीकडे करून, आणि पट्टा हवेत सरळ लांब सोडायचा. कड्यांमधल्या पिना आणि भोकं झिजली असतील तर पट्टा केळीच्या पानासारखा खाली झुकतो. थोडा झुकाव वयाप्रमाणे आलाच, कमान झाली असेल तर किमतीत धरायला हवं. मनगटाच्या मापासाठी काढलेल्या कड्या विकणाऱ्याने जपून ठेवल्यात का हेही विचारा. जाड मनगटाच्या माणसाला हे फार उशिरा आठवतं.

मशीन

घड्याळजींच्या टेबलावर एक छोटं यंत्र असतं, टाइमग्राफर. ते मशीनचे ठोके ऐकतं आणि तीन आकडे दाखवतं. पहिला आकडा दिवसाला किती सेकंद पुढे-मागे. नव्या प्रमाणित क्रोनोमीटर मशीनसाठी स्विस संस्था सीओएससीची मर्यादा उणे ४ ते अधिक ६ सेकंद आहे. गिऱ्हाइकाचं सगळं लक्ष याच आकड्यावर असतं. खरं तर तो सर्वांत कमी महत्त्वाचा आहे, कारण कुशल हात तो दहा मिनिटांत सुधारू शकतो.

खरी तब्येत दुसऱ्या आकड्यात असते. त्याला ॲम्प्लिट्यूड म्हणतात. झोपाळ्यावर बसलेलं मूल किती उंच जातं, तसं मशीनमधलं बॅलन्स व्हील, म्हणजे मागेपुढे झुलणारं चाक, मधल्या स्थितीपासून एका बाजूला किती अंश फिरतं, ते. पूर्ण चावी दिल्यावर, डायल आकाशाकडे ठेवून, ३१३५मध्ये हा आकडा २७० ते ३००च्या आसपास असला की मन शांत होतं. उभं धरल्यावर तो वीस-चाळीस अंशांनी कमी होणारच. पूर्ण चावी देऊनही २३०-२२० दाखवत असेल, तर आतलं तेल सुकलंय किंवा काहीतरी झिजलंय. झोपाळ्याला जोर पुरत नाही. तिसरा आकडा झोका दोन्ही बाजूंना सारखा जातो का ते सांगतो, तो शून्याच्या जितका जवळ तितका बरा. यंत्रावर लिफ्ट अँगल (मशीनच्या रचनेप्रमाणे ठरणारा कोन) ५२ लावायला सांगा, नाहीतर ॲम्प्लिट्यूड खोटा येतो. आणि एकाच स्थितीत मोजून थांबू देऊ नका. घड्याळ मनगटावर सगळ्या बाजूंना वळतं.

हे मशीन ताशी २८,८०० ठोके देतं. दिवसाला ६,९१,२००. वर्षाला पंचवीस कोटींहून जास्त. इतकं काम करणाऱ्या वस्तूला सर्व्हिस लागते यात विकणाऱ्याचा दोष नाही. शेवटची सर्व्हिस कधी झाली याचा कागद नसेल, तर ती झालेलीच नाही असं धरून तेवढा खर्च किमतीतून वजा करायचा.

पाणी

डायलवरचे ३०० मीटर हे घड्याळ कारखान्यातून बाहेर पडलं त्या दिवशीचं प्रमाणपत्र आहे. त्या दिवशी त्याच्या आतली रबरी गास्केटं नवी होती. ती मागच्या झाकणाखाली असतात, काचेखाली असतात आणि किल्लीत व तिच्या नळीत असतात. घाम, साबण, अत्तर, उष्णता आणि नुसता काळ या सगळ्यांनी रबर कडक होतं, चपटं होतं. २००१चं घड्याळ एकदाही उघडलं गेलं नसेल, तर त्याच्या पोटात पाव शतक जुनं रबर आहे.

पाण्यात दर दहा मीटरला साधारण एक वातावरणाएवढा दाब वाढतो. ३०० मीटरवर तो तीस वातावरणं, म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे तीस किलो. काचेचा व्यास तीन सेंटिमीटर धरला, तर एकट्या काचेवर दोनशे किलोंहून जास्त भार येतो. पाणबुड्यांच्या घड्याळांसाठीचं आयएसओ ६४२५ हे मानक किमान १०० मीटर क्षमता मागतं आणि छापलेल्या आकड्याच्या सव्वापट दाबाखाली चाचणी घ्यायला लावतं. म्हणजे ३०० मीटरचं घड्याळ ३७५ मीटरच्या दाबातून गेलेलं असतं.

इथे एक समज मोडायला हवा. ‘पोहताना हात जोरात मारला की दाब कितीतरी पट वाढतो, म्हणून घड्याळात पाणी जातं,’ असं बरेच जाणकारही सांगतात. हिशोब करून बघा. हात पाण्यात सेकंदाला पाच मीटर वेगाने फिरला, आणि हा वेग पट्टीच्या पोहणाऱ्याचाही नसतो, तरी वाढणारा दाब सव्वा मीटर खोलीएवढाच होतो. पाणी जातं ते थकलेल्या रबरामुळे, नीट न आवळलेल्या किल्लीमुळे, आणि तापमानामुळे. गरम पाण्याच्या अंघोळीनंतर घड्याळ एकदम गार झालं की आतली हवा आकसते आणि बाहेरची ओल आत खेचली जाते. कढत पाणी आणि साबण हे घड्याळाला समुद्रापेक्षा जास्त त्रास देतात, असं माझं ठाम मत आहे.

किल्ली स्वतः उघडून बघा. सबमरीनरची किल्ली स्क्रूसारखी आवळली जाते. सोडवताना ती आपल्या स्प्रिंगने हलकेच बाहेर उडी मारते. परत आवळताना आटे चटकन पकडले पाहिजेत आणि वळसे लोण्यासारखे जायला हवेत. चरचर लागली, दोन-तीनदा हुकलं, किंवा शेवटी घट्ट न होता फिरतच राहिलं, तर किल्ली किंवा नळीचे आटे गेलेत. ते बदलता येतं, पण बदलेपर्यंत त्या घड्याळाला पाणी दाखवायचं नाही.

बेझल एकाच दिशेला, घड्याळाच्या काट्यांच्या उलट, फिरायला हवं. पूर्ण फेरीत १२० टिकटिक. एकाच दिशेला का, यात मोठा विचार आहे. पाणबुड्या बुडी मारताना बेझलचा शून्य मिनिटकाट्यासमोर आणतो आणि मग किती मिनिटं झाली ते थेट वाचतो. धक्क्याने बेझल सरकलंच तर झालेला वेळ जास्तच दिसेल, कमी कधीच दिसणार नाही. माणूस लवकर वर येईल, हवा संपेपर्यंत खाली राहणार नाही.

दाबाची चाचणी दोन प्रकारची असते. कोरड्या चाचणीत घड्याळ हवाबंद डब्यात ठेवून हवेचा दाब वाढवतात. केस मायक्रॉनमध्ये दबते, ते यंत्र मोजतं. दबलेली केस तशीच राहिली तर घड्याळ हवाबंद आहे. हळूहळू पूर्वपदावर आली तर हवा आत शिरतेय. ओल्या चाचणीत घड्याळ आधी पाण्याच्या वर, दाबाखालच्या हवेत ठेवतात, मग पाण्यात उतरवतात आणि दाब सोडतात. आत हवा शिरली असेल तर ती बुडबुडे होऊन बाहेर येते आणि कुठून गळतंय ते नेमकं दिसतं. आधी कोरडी, मग ओली, हा क्रम सोडायचा नाही. बुडबुडे आले तर घड्याळ दाब सुटायच्या आत चटकन वर ओढायचं, म्हणजे पाणी आत जात नाही.

आणि एक जागा अशी, जी फार कमी गिऱ्हाइकं बघतात. मागचं झाकण उघडलं की गास्केट ज्या खाचेत बसतं ती खाच, आणि झाकणाची टेकणारी कड. वर्षानुवर्षं घामाचं मीठ तिथे साठतं आणि स्टीललाही खड्डे पाडतं, सुईने टोचल्यासारखे. गास्केट नवं कोरं टाका, खाली पृष्ठभागच खडबडीत असेल तर ते बसणार कशावर? आपल्या मुंबई-कोकणच्या दमट हवेत, बारा महिने मनगटावर राहिलेल्या घड्याळांत हे मी वारंवार बघितलंय.

भाच्याच्या घड्याळाचं हेच निघालं. झाकण उघडलं, मशीन खरं, ॲम्प्लिट्यूड २८०, सगळं छान. मग घड्याळजींनी खाच पुसली, भिंग डोळ्याला लावलं आणि काही न बोलता भिंग भाच्याच्या हातात दिलं. निम्म्या घेरात खड्डे होते. बाहेरची चकाकी काढून टाकावी आणि आतलं दिसावं असं झालं. कोरडी चाचणी अर्थातच फेल. विकणारा सरळ माणूस होता, त्यालाही याची कल्पना नव्हती. खाच भरून, घासून दुरुस्त करणारे कारागीर आहेत, पण त्याचा भरवसा आणि खर्च दोन्ही त्या किमतीत बसत नव्हते. आम्ही घड्याळ परत दिलं.

कागद

बॉक्स असेल तर छान. पण रिकामे बॉक्स बाजारात मिळतात, वॉरंटी कार्डांच्याही नकला होतात. मी बॉक्सपेक्षा सर्व्हिसच्या पावतीला मान देतो, कारण त्यावर तारीख, सिरियल आणि बदललेले भाग असतात. सिरियल चोरीच्या यादीत नाही ना हे बघायला लंडनच्या ‘द वॉच रजिस्टर’सारखी नोंदवही आहे.

आपल्याकडे एक कायद्याची बाब फार जणांना माहीत नसते. कस्टम्स कायदा १९६२च्या कलम १२३मध्ये सोन्याबरोबर घड्याळांचंही नाव घेतलेलं आहे. तस्करीचा माल म्हणून घड्याळ जप्त झालं, तर ते तस्करीचं नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी ज्याच्याकडे सापडलं त्याच्यावर येते. ‘दुबईहून भावाने आणलंय, बिल नाही’ या वाक्याची किंमत म्हणून मोठी आहे. भारतातलं बिल किंवा कर भरल्याची पावती मागायला लाजू नका. दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने स्वीकारायला कायद्याने मनाई आहे, त्यामुळे व्यवहार बँकेतूनच करा आणि विक्रीच्या कागदावर मॉडेल व सिरियल दोन्ही लिहून घ्या. १० लाखांवरचं मनगटी घड्याळ व्यापाऱ्याकडून घेतलं तर एप्रिल २०२५पासून तो १ टक्का कर गोळा करून तुमच्या पॅनवर जमा करतो, तो विवरणपत्रात वळता करून घेता येतो.

चार महिन्यांनी भाच्याला दुसरी १६६१० मिळाली. मर्चंट नेव्हीतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांची, एफ सिरियल, २००४मध्ये त्यांच्याच नावाने घेतल्याचं बिल, भारतात आणताना कर भरल्याची पावती आणि मधल्या एका सर्व्हिसचा कागद. बक्कल ओरखड्यांनी भरलेलं, बेझलची चकती फिकी राखाडी झालेली, लगांच्या कडा मात्र बोटाला लागत होत्या. फोटोत ती पहिल्या घड्याळापुढे म्हातारी दिसत होती. ॲम्प्लिट्यूड २४५, म्हणजे सर्व्हिसची वेळ झालेली, तेवढे पैसे त्यांनी स्वतःहून कमी केले. झाकणाखालची खाच स्वच्छ होती.

सर्व्हिसला देताना भाच्याला मी एवढंच सांगितलं की तोंडी काही बोलू नकोस, जॉबकार्डावर लिहून घे. कारण सर्व्हिसमध्ये पॉलिश हे ठरलेलं काम असतं, आणि जुने काटे, डायल, चकती बदलून टाकायला ते तत्पर असतात. त्याने समोर उभं राहून तीन ओळी लिहून घेतल्या: केस आणि पट्टा पॉलिश करू नये. डायल, काटे, बेझलची चकती बदलू नये. काढलेला प्रत्येक भाग परत द्यावा. घड्याळ परत आलं तेव्हा सोबत एका छोट्या पाकिटात जुनी गास्केटं होती, दाबून चपटी झालेली, बोटांत धरल्यावर तुटणारी, आणि दाबाच्या चाचणीची छापील चिठ्ठी. नोव्हेंबरात तो तारकर्लीला स्कूबाला गेला, तेव्हा घड्याळ मनगटावर होतं.